मागची खोली

आपली मुलगी नवऱ्याचं घर सोडून येते आहे, हे प्रणतीला कळलं ते बायकांच्या समितीच्या बैठकीत, चहाची किटली हातात असताना. तेही तिला कुणी सांगितलं म्हणून नव्हे. ती स्वयंपाकघरातून परत आली तेव्हा कुंजलता समितीतल्या भानुबौकडे वळून हळू आवाजात म्हणत होती, "मागची खोली शुक्रवारच्या आत झाडून घे. गादीला चांगलं ऊन दाखव. पाखीला थंडी लगेच बाधते." एवढंच. पाखी नावाच्या मुली गुवाहाटीत गल्लोगल्ली सापडतील, त्यामुळे प्रणतीच्या मनाने आधी दुसरीच कुठली तरी पाखी शोधायला घेतली. पण थंडी बाधणारी पाखी एकच होती. तिच्या छातीला कोमट मोहरीचं तेल चोळत प्रणतीने हिवाळेच्या हिवाळे तिच्या उशाशी काढले होते. आणि समितीच्या मागच्या खोलीत कुणी पाहुणी म्हणून उतरत नाही. त्या खोलीत बाई येते ती एकाच कारणाने, आणि ते कारण या घरात प्रत्येकीला ठाऊक आहे. भानुबौने मान वर करून प्रणतीला पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "मनाला लावून घेऊ नकोस हं प्रणती," ती म्हणाली, "आपण सगळ्या आहोत ना." प्रणतीने पुढचा कप भरला. थेंबभरही बशीत सांडू दिला नाही. "मनाला काय लावायचंय त्यात?" ती म्हणाली. "मीच म्हटलं तिला, ये म्हणून." खोटं इतक्या सहज तोंडून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. कुंजलताने तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि मग चष्मा पुसत म्हणाली, "हो, प्रणतीशी बोलूनच ठरलंय सगळं." झाकलं तिने. प्रणतीची लाज तिने आपल्या पदराखाली घेतली, एखाद्या रडक्या मुलाला घ्यावं तशी. आणि त्या झाकण्याचा प्रणतीला जितका राग आला तितका पाखी येण्याचाही आला नाही.

पुढचा विषय नदीपलीकडच्या मुलींचा होता. दहावी झालेल्या मुलींना होडीने अलीकडे कॉलेजात पाठवायला त्यांचे बाप तयार नव्हते. कुंजलता म्हणाली की ती स्वतः पलीकडे जाऊन बापांशी बोलेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाइदेउ बोलल्या की बाप ऐकतात, असं समितीत गृहीतच होतं. थोरली बहीण आणि शिक्षिका दोन्ही एका शब्दात म्हणायचं तर बाइदेउ म्हणतात, आणि या घरात बाइदेउ म्हटलं की कुंजलताच. बाप ऐकल्यावर मुलींबरोबर होडीत रोज कोण बसेल, पावसाळ्यात त्यांना कुणाकडे उतरवायचं, कुणाच्या नेसायच्या जुन्या मेखला कुणाला होतील, हे प्रणतीने पाहायचं. असंच चालत आलं होतं. दोघींनी मिळून हे घर उभं केलं तेव्हापासून. आधी पत्र्याच्या छपराखाली चार माग, मग संध्याकाळची शाळा, मग कोर्टकचेरीत बायकांच्या बाजूने उभं राहणं, आणि शेवटी ही मागची खोली. कुंजलता बोले आणि प्रणती करी. वर्तमानपत्रात फोटो येई तो कुंजलताचा. आणि प्रणतीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं, असं ती आज बैठकभर स्वतःला बजावत राहिली. फोटोचं काही वाटलं नव्हतं. भाषणांचंही नाही. ते सगळं घे बाई तू, असं तिने मनात केव्हाच म्हणून टाकलं होतं. मग मुलगीही घे असं मी कधी म्हटलं होतं?

घरी जाताना ती नेहमीच्या गल्लीने न जाता नदीच्या कडेने गेली. पाणी उतरलं होतं, मधली वाळूची बेटं उघडी पडली होती, आणि घाटावर मासळीबाजाराच्या सकाळच्या खवल्यांचा वास अजून होता. तिने पाखीला फोन लावला. "बरी आहे, मा," पलीकडून पाखी म्हणाली. पाखीचा 'बरी आहे' नेहमी एकाच पट्टीत असे, लाकडी पट्टीवर बोट ओढल्यासारखा. "जेवलीस?" "हो." "काय केलं होतंस?" "मासोळीचं टेंगा. मा, नंतर बोलते हं." आणि बस्स. शुक्रवारी घर सोडून येणारी मुलगी आईला आंबट कालवणाचं सांगते. आणि कुंजलताशी फोनवर ती किती वेळ बोलली असेल? रडली असेल? रडताना लहानपणी तिचं नाक आधी वाहायचं आणि मग डोळे. ते कुंजलताला ऐकू गेलं असेल. प्रणतीला एकदम वाटलं की ते नाकाचं सूं सूं तिचं होतं, तिच्या मालकीचं, आणि कुणीतरी ते हातोहात लांबवलं. सवतीचा मत्सर म्हणतात तो तिने कधी अनुभवला नव्हता. तिचा नवरा सरळ मार्गाचा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, वर्तमानपत्र आणि गुडघेदुखी यांच्यापलीकडे त्याला तिसरी बाई नव्हती. पण आईपणालाही सवत असते, हे आता या वयात, घाटाच्या पायऱ्यांवर उभं असताना तिला कळत होतं. आणि कुंजलता? लग्न नाही, मूल नाही. कळा मी सोसल्या, जागरणं मी केली, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. ती स्वतःशी पुटपुटली, आणि मासे पकडायचं जाळं वाळत घालणारी एक म्हातारी तिच्याकडे बघायला लागली.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. संध्याकाळी तो व्हरांड्यात गुडघ्याला तेल लावत बसला होता. "आज मीटिंगमध्ये काय झालं?" त्याने विचारलं. "मुलींना होडीने आणायचंय," ती म्हणाली. "चांगलं आहे," तो म्हणाला. तिला त्याची कीव आली, आणि त्याच्या मागोमाग एक हलकासा आनंदही झाला, की निदान याच्याइतकी तरी मी अंधारात नाही.

चूक तिचीच होती, पाखीला कुंजलताकडे तिनेच पाठवलं होतं. पाखी बारा-तेरा वर्षांची असताना. प्रणतीचं स्वतःचं शिक्षण कॉलेजच्या मध्यावरच लग्नाने तुटलं होतं. कुंजलता तिच्याच वर्गातली, ती मात्र शिकत गेली, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका झाली. मुलगी आपल्यासारखी अर्ध्यात राहू नये म्हणून प्रणतीने तिचं बोट धरून तिला लतासिलला कुंजलताच्या घरात नेऊन सोडलं. "हिला तुझ्यासारखी कर," असंसुद्धा म्हणाली होती ती, हसत हसत. देवाला काय मागावं याला काही धरबंध असतो की नाही? पाखी रोज संध्याकाळी तिकडे जायची आणि परत यायची ती कुंजलताच्या घरचा वास घेऊन. औटेंगाच्या आंबट फळांच्या लोणच्याचा, जुन्या पुस्तकांचा, आणि व्हरांड्यात टांगलेल्या कपौ नावाच्या ऑर्किडच्या ओल्या मुळांचा. "कुंजामाही म्हणते, झाडाला पाणी घालताना घाई करू नये." "कुंजामाही म्हणते, मुलींनी मोठ्याने हसावं." माही म्हणजे मावशी; प्रणतीला ते आवडायचं. म्हणजे आवडून घ्यायची ती. रात्री पाखीच्या केसांना तेल लावताना मात्र ती जरा जास्तच जोराने चोळायची, आणि पाखी ओरडायची, "मा, दुखतं ना!" हे तेल लावणं तरी माझं आहे, असं हातांना वाटत असावं.

आणि गेला बोहाग बिहू, एप्रिलातला नववर्षाचा सण. तो आठवला की प्रणतीच्या मनाचं पाऊल अडखळायचं, ती लगेच दुसरं काहीतरी आठवायला घ्यायची. पण त्या संध्याकाळी ते टळेना. पाखी दिब्रुगढहून एकटी आली होती. नवऱ्याला, दिगंतला, सुट्टी नाही म्हणाली. दोघी तिळाचे पिठे करत बसल्या होत्या, तव्यावर ओलं पीठ पसरून मधोमध तीळगूळ ठेवून गुंडाळी करायची, हात भाजण्याच्या आत. तिसरा की चौथा पिठा मोडल्यावर पाखी तव्याकडे बघत म्हणाली, "मा, मी इथेच राहिले तर?" आणि प्रणती म्हणाली, "राहा की चार दिवस जास्त. दिगंतला मी सांगते." तिला कळलं नव्हतं असं नाही. पाखीचा आवाज कुठून आला ते तिच्या पोटाला कळलं होतं. पण तवा तापला होता, बाहेर शेजारणी आल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं मागच्या खोलीत दुसऱ्यांच्या मुलींना निजवणाऱ्या बाईच्या घरात असलं काही होऊच कसं शकेल? चार दिवसांनी तिने स्वतः पाखीला बसमध्ये बसवून दिलं होतं, नारळाच्या लाडवांचा डबा देऊन. बस निघाली तेव्हा पाखीने मागे वळून पाहिलं नाही. दिब्रुगढच्या वाटेवरच तिने कुंजलताला फोन केला असेल का? लाडू खात?

सकाळी ती कुंजलताकडे गेली. कुंजलता व्हरांड्यात उभी राहून फुलांच्या मुळांवर पाणी शिंपडत होती, घाई न करता.

"ये," ती म्हणाली. "मी तुझी वाटच बघत होते."

"वाट बघत होतीस तर फोन का नाही केलास?"

"काल बैठकीनंतर सांगणार होते. तू किटली घेऊन कधी आलीस मला दिसलं नाही." कुंजलताने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "माझं चुकलं ते."

"आणि त्याआधी? किती दिवसांपासून चाललंय हे?"

"पावसाळ्यापासून."

"पावसाळ्यापासून! आणि तू रोज माझ्याबरोबर चहा पीत होतीस."

"तिने शपथ घातली होती, प्रणती."

"आईला सांगू नकोस म्हणून?"

कुंजलताने ओले हात पदराला पुसले. मग तिने जे काय होतं ते सांगितलं, एकेक करून, समितीत सांगतात तसं, आवाज न चढवता. दिगंत हात उचलत नव्हता. तो बोलणं बंद करायचा. मनाविरुद्ध काही झालं, पाखीने अर्धवट राहिलेलं संशोधन पुन्हा सुरू करण्याचं काढलं, की तो महिना महिना तिच्याशी बोलत नसे. आणि त्याच्यामागोमाग घरातली सगळी माणसं गप्प. सासू, दीर, मोलकरीणसुद्धा. ती खोलीत आली की ती खोली रिकामी असल्यासारखे सगळे वागायचे. "ती म्हणाली, कुंजामाही, मी न्हाणीघरात नळाशी बोलायला लागले. पाणी आवाज तरी करतं." आणि गेल्या माघात एकदा तिने जेवताना ओरडून विचारलं, मी आहे की नाही या घरात, तर त्याने तिला दंडाला धरून व्हरांड्यात ठेवलं आणि आतून कडी लावली. सकाळपर्यंत.

प्रणती ऐकत होती, आणि तिचं काळीज पिळवटून निघत होतं, हे खरं. पण त्या पिळवटण्याच्या मधोमध एक कोरडा, टणक खडा होता आणि तो विरघळत नव्हता. नळाशी बोलली, मग कुंजलताशी बोलली. नळ पहिला, कुंजलता दुसरी. मी कितवी?

"तुला आवडतं हे," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"हेच. तिने तुझ्याकडे येणं. मला वगळून."

"वेडी आहेस का तू? ती पोर..."

"आवडतं की नाही ते सांग."

कुंजलताने भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "थोडं आवडतं."

जाताना कुंजलता फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "शुक्रवारी बसस्टँडवर मी जाते आहे. तू येऊ नकोस. नियम तुला ठाऊक आहे." नियम! तो तर प्रणतीनेच केलेला. फार वर्षांपूर्वी मागच्या खोलीत आलेल्या एका मुलीला भेटायला तिची आई आली होती, डोळ्यांत पाणी आणि हातात डबा घेऊन. प्रणतीचं मन द्रवलं, तिने आत सोडलं, आणि संध्याकाळपर्यंत ती आई मुलीला समजावून सासरी घेऊन गेली. पुढे त्या मुलीचं काय झालं ते समितीत कुणी मोठ्याने बोलत नाही. तेव्हापासून, मागच्या खोलीतली बाई स्वतः बोलावत नाही तोवर तिचं कुठलंच माणूस आत येणार नाही, आईसुद्धा नाही. आई तर नाहीच, असं प्रणतीने त्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हटलं होतं. कितीतरी आया तिने स्वतः फाटकावरून परत लावल्या होत्या. "मी सेक्रेटरी आहे," ती आता म्हणाली. "मग सेक्रेटरी म्हणून ये," कुंजलता म्हणाली. "आई म्हणून ती बोलावेल तेव्हा."

शुक्रवारी पहाटे प्रणती बसस्टँडवर गेलीच. धुकं होतं. रात्रभर चाललेल्या बसगाड्या एकेक करून त्यातून बाहेर येत होत्या, शाली गुंडाळलेली माणसं उतरत होती. कुंजलता अजून आली नव्हती, आणि मी पहिली आले या विचाराने प्रणतीच्या अंगात शाळकरी पोरीसारखा उत्साह भरला होता. पाखी उतरली. हातात एकच पिशवी. इतकी बारीक झाली होती की शाल तिच्यावर नसून खुंटीवर लटकली आहे असं वाटावं. प्रणती पुढे झाली. पाखीने तिला पाहिलं. आणि मग, अगदी क्षणभरच, पण प्रणतीने तो क्षण नीट पाहिला, पाखीची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, गर्दीत कुणाला तरी शोधत.

"घरी चल," प्रणती म्हणाली. "तुझ्या देउतांना मी समजावते. तुझी खोली तशीच आहे."

"नको, मा."

"का नको? आईचं घर असताना समितीत राहणार तू? लोक काय..."

तिने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला होता. पाखी हसली. रागाने नव्हे, थकलेल्या माणसाला आपला अंदाज बरोबर निघाल्याचं जे हसू येतं तसं. "म्हणूनच नको," ती म्हणाली. तेवढ्यात धुक्यातून कुंजलता आली, धापा टाकत, एक चप्पल तुटलेली, आणि पाखी पिशवी खाली टाकून तिच्या गळ्यात पडली. प्रणतीने पिशवी उचलली. कुणीतरी उचलायला हवीच होती.

ते दोन दिवस ती समितीत सेक्रेटरी म्हणून वावरली. संध्याकाळच्या शाळेचा वर्ग घेतला, मागाचा तुटलेला दोरा जोडून दिला. डाळ आणि वांग्याची भाजी करून भानुबौच्या हाती मागच्या खोलीत पाठवली, कुणी केली ते सांगू नकोस म्हणून बजावलं, आणि मग भानुबौने खरंच सांगितलं नाही म्हणून मनात जळफळली. कुंजलता तिथेच झोपत होती, पाखीच्या खाटेशेजारी. दुपारी मागून हसण्याचा आवाज आला. पाखी हसली होती, मोठ्याने, कुंजामाही म्हणते तसं. मुलगी हसली म्हणून आईला आनंद व्हायला हवा. प्रणती मागावर बसून होती. तिने धोटा इतक्या जोरात मारला की तो सुतातून निसटून जमिनीवर पडला.

रविवारी कुंजलता वकिलीणबाईंकडे गेली. जाताना मागच्या फाटकाची किल्ली प्रणतीच्या हातात देऊन गेली. "तू आहेस म्हणून निर्धास्त जाते," ती म्हणाली. प्रणती जेवायला घरी आली, तर व्हरांड्यात जावई बसलेला. दिगंत हाजरिका, इस्त्रीचा शर्ट, समोर तामूल-पानाचं तबक, आणि शेजारी तिचा नवरा, चेहरा उतरलेला. त्याला सगळं जावयाच्याच तोंडून कळलं होतं. "तू मला बोलली नाहीस," तो तिला म्हणाला, आणि तिला कुंजलताच्या व्हरांड्यातला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दिगंत उठून तिच्या पाया पडला. मऊ आवाजात बोलत होता. चुकलं म्हणाला. रागाच्या भरात झालं म्हणाला, एकदा भेटू द्या, पाचच मिनिटं, तिच्या तोंडून ऐकू द्या, मग ती म्हणेल ते. "मा, तुम्ही म्हटलं तर ती भेटेल. तुमच्याशिवाय तिला आहे कोण?" तुमच्याशिवाय तिला आहे कोण. या आठवड्यात हे वाक्य तिला कुणीच म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात घशाखाली गार पाणी उतरावं तसं ते उतरलं. जर दोघांचं जुळलं, जर पाखी त्याच्याबरोबर, किंवा निदान इथे आईच्या घरी आली, तर ती त्या खोलीतून बाहेर येईल. त्या खाटेशेजारच्या खाटेपासून दूर. प्रणतीने हा विचार शब्दांत केला नाही. तिच्या पायांनी केला. "चला," ती म्हणाली.

मागची गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूंना सुपारीची झाडं. दुपारची सामसूम होती. ती पुढे, तो मागे. फाटकाशी पोचून तिने किल्ली लावली, कुलूप उघडलं, कोयंड्यातून काढलं. मागे दिगंत सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "बरं झालं ती बाई नाही ते. सगळं तिनेच भरवलंय हिच्या डोक्यात. लग्न नाही, मूल नाही. दुसऱ्याच्या मुलीवर हक्क सांगत बसलीय."

प्रणती थांबली. शब्द तिचेच होते. लग्न नाही, मूल नाही; घाटाच्या पायरीवर ती हेच पुटपुटली होती. ते या माणसाच्या तोंडात कसे गेले? तोंडात गेलेच नव्हते, तिथे होतेच ते. त्याच्या आणि तिच्या मनात एकाच भांड्यातलं पाणी होतं. ती वळली.

"तुम्ही तिच्याशी महिना महिना बोलत नव्हता?" तिने विचारलं.

दिगंतने उत्तर दिलं नाही.

"मी विचारते आहे. माघात तिला बाहेर ठेवलं होतंत?"

तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याची नजर तिच्या कानाजवळून फाटकावर गेली होती आणि तिथेच थांबली होती, चेहऱ्यावर काही नाही, राग नाही, लाज नाही, जणू गल्लीत त्याच्याशिवाय कुणी उभंच नव्हतं. आताच पाया पडलेला माणूस. प्रणती पुन्हा काहीतरी बोलली. काय ते तिला पुढे आठवेना. आवाज स्वतःच्याच तोंडाजवळ विरून गेला. एवढ्याशा गप्प राहण्याने तिचे हात गार पडले, आपण इथे आहोत की नाही हे पाहायला तिने नकळत फाटकाची सळई घट्ट धरली. हे महिनाभर. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, पाच माणसांच्या घरात. आणि बिहूला ती तव्याकडे बघत विचारत होती, राहिले तर.

तिने कुलूप परत कोयंड्यात घातलं आणि दाबलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "काय बोलायचं ते वकिलांसमोर बोला. या गल्लीत पुन्हा दिसलात तर सगळ्या बायका बाहेर काढीन मी."

आता मात्र त्याला वाचा फुटली. तो काय काय बोलला, घराण्याचं, अब्रूचं, तिच्याही संस्कारांचं. ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली. बोलून संपल्यावर तो गेला. सुपारीच्या झाडांमधून त्याचा पांढरा शर्ट दिसेनासा झाला तरी ती फाटकापासून हलली नाही.

"मा."

मागच्या खोलीची खिडकी फाटकापासून हाताच्या अंतरावर होती. पाखी गजांमागे उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"कोण होतं?" पाखीने विचारलं, आणि प्रणती काही म्हणायच्या आत म्हणाली, "सांगू नकोस. आवाज ओळखते मी त्याचा."

प्रणतीने किल्ली मुठीत लपवली.

"कुलूप उघडल्याचा आवाज आला मला."

"हो."

"तूच आणलंस त्याला?"

"हो."

"मग परत लावलंस."

"हो," प्रणती म्हणाली. मी त्याला हाकललं, असं म्हणावंसं तिला फार वाटलं. पण ते म्हणायचं तर आधीचंही म्हणावं लागलं असतं, का आणलं ते; आणि पाखीच्या भल्यासाठी आणलं असं तोंडावर म्हणायची तिची छाती झाली नाही. पाखीने गजाला कपाळ टेकलं. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, केस विंचरलेले नव्हते, तेलावाचून रुक्ष झाले होते. पुढच्या रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला, आणि कुंजलताची हाक आली, "प्रणती! अगं, कुठे आहेस?"

पाखीने मान वर केली. "मा," ती घाईने, दबक्या आवाजात म्हणाली, "कुंजामाहीला सांगू नकोस हे. तिला कळलं तर ती तुला इकडे येऊ देणार नाही."

आणि ती खिडकीतून बाजूला झाली.

प्रणती घराला वळसा घालून पुढे गेली. कुंजलता पायरीवर बसून घाम पुसत होती. वकिलीणबाई चांगल्या आहेत म्हणाली, केस उभी राहील म्हणाली. "इकडे सगळं ठीक?" तिने विचारलं. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, थकला होता, आणि आज पहिल्यांदाच प्रणतीला तो म्हाताऱ्या बाईचा वाटला. "ठीक," प्रणती म्हणाली. आणि तिच्या छातीत काहीतरी ऊबदार, हलकट असं उसळलं. पाखीची एक गोष्ट कुंजलताला ठाऊक नव्हती. कधी ठाऊक होणार नव्हती. ती गोष्ट चांगली नव्हती, तिच्यात प्रणतीची लाजच जास्त होती, हे तिला कळत होतं. पण ती दोघींचीच होती. तिने किल्ली कुंजलताच्या हातात दिली, नजर चुकवून, आणि चहा टाकते म्हणून आत गेली. आधण उकळायला लागलं तरी तिला हसू आवरेना. ओठ घट्ट मिटून, पदराने तोंड पुसत, ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली, कुणी बघू नये म्हणून.